भरती होणे, भरती करणे, भरती देणे: नेमकं कोण कोणाला भरतं?

शेंगाचटणी

जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड या पट्ट्यात विशीतल्या कुठल्याही पोराला "काय करतोस बाबा?" विचारा, दहातले पाच जण सांगतील, "भरती करतोय." कुठली भरती हे विचारावं लागत नाही. पोलीस निघाली तर पोलीस, आर्मी निघाली तर आर्मी, नाहीतर वनरक्षक.

माझा प्रश्न जरा रिकामटेकडा आहे, पण विचारतोच. भरती करणारं सरकार. भरती होणारा पोरगा. मग पोरगाच 'भरती करतोय' कसा? आमच्या लहानपणी "अमक्याचा थोरला मिलिट्रीत लागला" एवढंच ऐकू यायचं. 'भरती झाला' हे पेपरात. आता भरती निघते, लांबते, हुकते, रद्द होते, आणि पोरं ती 'देतात'सुद्धा, परीक्षा दिल्यासारखी.

मूळ धातू भरणे, यात वाद नाही. पण फौजेत माणूस 'भरायचा' म्हणजे काय? तुमच्याकडे हा शब्द कसकसा वापरतात ते लिहा. शब्दकोशातलं उतरवून देऊ नका, कोश माझ्याकडेही आहे. कानावर पडलेलं सांगा.

होटगीरोडकर

खोगीरभरती राहिली की ओ. घोड्याच्या खोगिरात चिंध्या, काथ्या, जे हाताला लागेल ते कोंबायचं. आमच्या हापिसात रोज बघतो.

आडतवाला

मार्केट यार्डात भरती म्हणजे पोत्यात माल किती बसतो ते. "भरती किती?" "पन्नास." म्हणजे पन्नास किलोचं पोतं. कांद्याच्या सीझनला हा शब्द दिवसभर कानावर असतो, आणि आपलं यार्ड कांद्याला राज्यात मोठ्यांत मोजलं जातं. इथे कुणी नवीन हमाल "मी भरती करतोय" म्हणाला तर तो पोतीच भरत असतो.

मुरूमकाम

बांधकामातली पण घ्या. आपल्याकडे काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात एवढ्या भेगा पडतात की आत हात जातो. तिच्यावर फरशी टाकली की दोन वर्षांत उचलली म्हणून समजा. म्हणून जोत्याच्या आतली काळी माती काढायची आणि मुरमाची भरती करायची. एकदम ढीग ओतून चालत नाही. वीतभर थर पसरायचा, पाणी मारायचं, धुम्मस करायची, मग पुढचा थर. मालकाला घाई असते. तो म्हणतो, "टाका की ट्रॉल्या, बसेल आपोआप." बसते, पण फरशी घेऊन बसते.

तेव्हा शेंगाचटणीराव, फौजेतला माणूस भरायचा म्हणजे काय, याचं उत्तर मला तरी सोपं वाटतं. जागा रिकामी आहे, ती भरायची. पदभरती तीच. माणसाला भरत नाहीत, जागा भरतात.

पूर्वभागातली

मुरूमकामदादा, तुम्ही बोललात ते आमच्या तेलुगूत शंभर टक्के लागू पडतं. घरी आम्ही तेलुगू बोलतो, शाळा मराठी. तेलुगू पेपरात 'उद्योगाल भर्ती', 'खाळील भर्ती' असे मथळे कायम असतात. म्हणजे नोकऱ्यांची भरती, रिकाम्या जागांची भरती. माणसाची नाही. पोरगा मिलिट्रीत गेला तर आजी म्हणणार, "मिलिट्रीलो चेराडु." जाऊन मिळाला. त्याला कुणी भरत नाही.

मराठीत मात्र जागा पण भरती आणि माणूस पण भरती.

(आई माग चालायचा तेव्हा कांड्या भरायची. धोट्यात घालायच्या कांड्या. त्याला मात्र कुणी भरती म्हटलेलं ऐकलं नाही, 'कांडी भरणं'च.)

अक्कलकोटरोड

कन्नडमध्येही सेम. 'बस भर्ती आगिदे' म्हणजे बस खचाखच भरली. धरण भर्ती, थेटर भर्ती. पोरगा फौजेत गेला की 'सैन्यक्के सेरिद'. तुमचं चेर, आमचं सेर, एकाच घरचे दिसतात. दोन्हीकडे पोरगा आपल्या पायाने जाऊन मिळतो.

कन्नड पेपरात सैन्यभरतीच्या बातमीत 'भर्ती' येतो, पण तो मेळाव्यासाठी. पोराबद्दल बोलताना सेरिदच.

शेंगाचटणी

वा! म्हणजे सोलापुरात एकाच गल्लीतली तीन पोरं एकाच दिवशी सैन्यात गेली, तर दोन 'मिळाली' आणि मराठी बोलणारं तेवढं 'भरलं गेलं'. हे मला सुचलं नव्हतं.

संत्रानगरी

नागपूरहून हजेरी. आमच्याकडे दवाखान्यात पण भरती करतात. तुम्ही पश्चिमेकडचे लोक 'अॅडमिट' म्हणता, नाहीतर 'दाखल'. आमच्याकडे "बाबांना काल भरती केलं" हे रोजचं बोलणं.

माझी बहीण सोलापुरात दिली आहे. दोन वर्षांमागे भाच्याला डेंग्यू झाला, तो तेव्हा सुट्टीत आमच्याकडे होता. मी तिच्या सासरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं, "दादूला आज सकाळी भरती केलं, काळजी करू नका." भाचा एकोणीस वर्षांचा, सहा महिने ग्राउंड मारत होता. पाच मिनिटांत अभिनंदनाचा पाऊस. कुणी तिरंगा, कुणी 'जय हिंद', एका काकांनी 'घराण्याचं नाव काढलंस' म्हणून हार घातलेलं चित्र टाकलं. बहिणीचा फोन आला तेव्हा ती रडत होती की हसत होती, कळेना. पोरगं चार दिवसांत बरं झालं, पण अजून त्याला सगळे 'जवान' म्हणतात.

होटगीरोडकर

😂 काकांना सलाम.

माजी_हवालदार

बराच वेळ वाचतोय. थोडं लष्कराच्या आतलं सांगतो.

कायद्यात भरती हा शब्द असतो असं लोकांना वाटतं. सेना अधिनियम १९५०चा. पण त्यात जवानासाठी दोन टप्पे आहेत, एनरोलमेंट आणि अटेस्टेशन. एनरोलमेंटला अधिकाऱ्यासमोर अटी वाचून दाखवतात, प्रश्न विचारतात, समजलं का याची खात्री करून घेतात, मग सही. तेव्हा तुमचं नाव लागलं. अटेस्टेशन नंतर, ट्रेनिंग पुरं झाल्यावर. त्यालाच आम्ही कसम परेड म्हणतो. धर्मग्रंथावर किंवा नुसती प्रतिज्ञा करून शपथ घ्यायची. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावला. तिथल्या मैदानावर आईबापांना घेऊन आलेली आपल्या जिल्ह्यातली माणसं परेडनंतर पोराला ओळखू शकत नाहीत, एवढा तो बदललेला असतो. आमच्या मातोश्री दुसऱ्याच पोराच्या गळ्यात पडल्या होत्या.

युनिटमध्ये बोली हिंदी. तिथे भर्ती म्हणजे तारीख. "तेरी भर्ती कब की?" "अठ्ठ्याऐंशी की." बस, त्यावरून कोण सीनियर, कोण कुणाला चहा पाजणार, सगळं ठरलं. वय कुणी विचारत नाही.

आणि एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली का? अधिकारी कधी 'भरती' होत नाही. त्याला कमिशन मिळतं. खडकवासल्याच्या एनडीएत निवड होते. पेपर काढून बघा: 'सोलापूरच्या युवकाची लेफ्टनंटपदी निवड'. आणि जवानाचं: 'गावातील पाच तरुण सैन्यात भरती'. एकटा असतो तो निवडला जातो, पाच असतात ते भरले जातात.

मुरूमकाम

हवालदारकाका, हे पोलिसांत पण तसंच. शिपाई भरती होतो, उपनिरीक्षकाची निवड होते. तलाठी भरती म्हणतात, कलेक्टर भरती ऐकलीय का कुणी?

सुविचारी

म्हणूनच माझं मत असं की हा शब्द सोडून द्यावा. माणूस म्हणजे खोगिरातला काथ्या नव्हे. 'सैन्यप्रवेश' किंवा 'नावनोंदणी' असे चांगले, सन्मानाचे शब्द असताना 'भरती' कशाला? देशासाठी जीव द्यायला निघालेल्या माणसाला आपण पोत्यातला माल समजतो का?

मिलिंदनगर

सुविचारी, जरा थांबा. भरती शब्दाचा मान-अपमान आमच्या घरात वेगळा आहे.

कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत महार सैनिक मोठ्या संख्येने होते. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते, हे सगळ्यांना माहीत आहे. पुढे ठरावीक जातीच लढाऊ असतात असं 'लढाऊ जमाती'चं खूळ निघालं आणि १८९०च्या दशकात महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकर स्वतः फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी सरकारकडे अर्ज केला की आम्हाला पुन्हा घ्या. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ला १११वी महार पलटण उभी केली, आणि १९२१ला मोडून टाकली. गरज होती तोवर भरती, गरज सरली की बंद. शेवटी १ ऑक्टोबर १९४१ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. बाबासाहेब त्याच वर्षी व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते.

त्या अर्जांमागची मागणी एकच होती, भरती खुली करा. भरती म्हणजे पगार, पेन्शन, लिहिणं-वाचणं, गावकीच्या कामातून सुटका. आमच्या आजोबांच्या तोंडी 'भरती बंद' हे शब्द 'पाणी बंद'सारखे यायचे. जिथे दार लावून घेतलं होतं तिथे आत घेणारा शब्द अपमानाचा कसा होईल? तुमच्या 'सैन्यप्रवेशा'ला तो इतिहासच नाही.

सुविचारी

मला हा भाग माहीत नव्हता. तरी शब्दाची घडण आवडत नाही, एवढंच म्हणेन.

माजी_हवालदार

मिलिंदनगर, अगदी. महार रेजिमेंटचे दोस्त आहेत माझे, सागरला त्यांचं सेंटर. आणि सुविचारी, 'नावनोंदणी' रोजगार कार्यालयात असते. तिथे नाव नोंदवून म्हातारे झालेले लोक मी बघितलेत.

समुद्रावरचा

मूळचा रत्नागिरीचा, बायकोच्या बदलीमुळे सोलापुरात. इथे येऊन भरती हा शब्द एवढ्या वेळा ऐकला, पण समुद्राचा एकदाही नाही!

आमच्याकडे भरती दिवसाला दोनदा, आणि रोज पन्नासेक मिनिटं उशिरा. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची म्हणजे मोठी, अष्टमीच्या आसपास भांगाची म्हणजे लहान. भरती 'येते'. निघत नाही, लांबत नाही, रद्द तर कधीच होत नाही. होडी लावायची, जाळं टाकायचं, सगळं तिच्या हिशोबाने. सरकारने ते टाइमटेबल उसनं घ्यायला हरकत नाही.

शेंगाचटणी

आपल्याकडे पाण्याला भरती कुठली? उजनी 'भरते'. ११७ टीएमसीचं धरण शंभर टक्के झालं की सगळ्या जिल्ह्याचा जीव भांड्यात पडतो, पण उजनीला भरती आली असं कुणी म्हणत नाही. आषाढीला चंद्रभागेला पूर येतो आणि माणसांचाही पूरच येतो.

राजकारणातली राहिली. २०१८ला ७२ हजार पदांची 'मेगाभरती' जाहीर झाली होती. वर्षभराने विधानसभेच्या तोंडावर नेते पक्ष बदलायला लागले, तर पेपरवाल्यांनी त्यालाच मेगाभरती म्हणायला सुरुवात केली. ती भरती मात्र वेळेत झाली.

ग्राउंड_१६००

नमस्कार. मी भरती करतो. 🙂 म्हणजे धाग्यात ज्याच्यावर चर्चा चाललीय तो मीच. मोहोळ तालुक्यातला, सोलापुरात रूम करून राहतो.

शेंगाचटणीकाका, 'करतोय' का म्हणतो ते सांगतो. कारण ते कामच आहे ओ. पहाटे साडेचारला उठायचं, पाचला ग्राउंड. आधी हळू राउंड, मग स्पीड, मग स्टार्ट मारायची प्रॅक्टिस. पोलीसला १६०० मीटर, शंभर मीटर आणि गोळा, मिळून ५० मार्क. १६०० पाच दहाला मारली तर २० पैकी २०. एका सेकंदाने गेली की मार्क कमी. गोळा ७.२६ किलोचा. सुरुवातीला बोटांच्या मुळाशी धरायचा हे माहीत नसतं, पोरं तळहातात धरतात आणि मनगट धरून बसतात. साताला रूमवर, अंघोळ, मेसचा डबा, दहा ते दोन लेक्चर, चार ते सहा लायब्ररी, संध्याकाळी परत ग्राउंड. आर्मीचं वेगळं. तिथे १६०० साडेपाच मिनिटांत बसली तर ६० आणि दहा पुलअप्सचे ४०. आता आधी ऑनलाइन पेपर, मग ग्राउंड. एवढं सगळं करून घरी "बसून आहे" म्हणायचं का? म्हणून 'करतोय'.

आमच्यात शब्द असे चालतात. तयारी चालू आहे तोवर भरती 'करतो'. फॉर्म भरून ग्राउंडला उतरला की भरती 'दिली'. लिस्टला नाव आलं की 'लागला'. 'भरती झालो' असं आमच्यातलं कुणी सहसा म्हणत नाही, ते नेत्यांच्या अभिनंदनाच्या बॅनरवर असतं.

अग्निवीरचं मात्र शब्दात नीट बसत नाही. चार वर्षांनी शंभरातले पंचवीसच पुढे ठेवणार. त्यामुळे घरचे 'लागला' म्हणायला अडखळतात. लागला म्हणजे कायमचा लागला, असा आपल्याकडे अर्थ. माझ्या रूममेटचं झालं तेव्हा त्याचे वडील शेजाऱ्यांना म्हणाले, "अग्निवीरात गेलाय." 'लागलाय' नाही म्हणाले.

माजी_हवालदार

पोरा, हे तू बरोबर पकडलंस. आम्ही लागलो तेव्हा पंधरा वर्षांनी पेन्शन डोळ्यांसमोर होती. २०२२ला ही योजना आली, त्याआधी दोन वर्षं कोविडमुळे मेळावेच बंद होते. त्या एका वर्षापुरती वयाची अट २१वरून २३ केली, तरी किती पोरांचं वय निघून गेलं. त्यांच्यासाठी भरती निघालीही नाही आणि हुकलीही नाही. त्याला काय म्हणायचं, बघ.

ग्राउंड_१६००

'एजबार झाला' म्हणतात काका.

होटगीरोडकर

२०२४च्या पोलीस भरतीला १७ हजार ४७१ जागा आणि अर्ज १७ लाखांच्या वर. जागा शंभर टक्के भरल्या असतील, मुरूमकामभाऊंच्या हिशोबाने काम ओके. पण जी सोळा-सतरा लाख उरली त्यांना कुठल्या पोत्यात भरणार?

ग्राउंड_१६००

पुढच्या. ती भरती जूनमध्ये होती, पावसात. ट्रॅकवर चिखल, काही ठिकाणी तारखा पुढे ढकलल्या. रात्री स्टेशनवर, उड्डाणपुलाखाली झोपून सकाळी पळायचं. चेस्ट नंबर मिळेपर्यंत निम्मा दम गेलेला असतो.

पूर्वभागातली

मुलींचं कुणीच लिहिलं नाही अजून. माझी चुलत बहीण पोलिसात आहे. तिच्या वेळी ८०० मीटर आणि चार किलोचा गोळा. निकाल लागला तेव्हा मामाने स्टेटस ठेवलं, "पोलीस भरती झाली." अर्धे लोक विचारायला लागले, कुठल्या जिल्ह्याची झाली, कटऑफ किती लागला? मुलगा असता तर 'भरती झाला' लिहिलं असतं आणि लगेच कळलं असतं. मुलीच्या बाबतीत 'भरती झाली' म्हटलं की मुलगी कुठे दिसतच नाही, नुसती भरतीच दिसते.

शेंगाचटणी

अरे हो! भरती स्त्रीलिंगी, मुलगीही स्त्रीलिंगी. व्याकरणाने गिळली तिला. मग काय लिहायचं? 'पोलिसात भरती झाली' म्हटलं तर थोडं सुटतं, पण मथळा म्हणून वाचलं की परत तेच.

माजी_हवालदार

"पोलीस झाली" लिहा की. दोन शब्द, काम झालं.

पूर्वभागातली

स्टेटस नंतर बदलायला लावलंच मी मामाला. त्याने 'पोलीस झाली' नाही लिहिलं, "आमची पोरगी लागली" लिहिलं. मग लोकांनी विचारलं, "बारावीला पोरगी कितव्या नंबरात लागली?" शेवटी तिचा वर्दीतला फोटो टाकला.